घरची गाडी, हातात पाना: काय स्वतः करायचं आणि कुठे थांबायचं

घरची गाडी स्वतः सांभाळायची ठरवलं की बहुतेक जण आधी शंभर तुकड्यांची टूलकिट मागवतात आणि ती पेटी पुढे वर्षभर डिकीत खडखडत राहते. त्याऐवजी पाचशे-सातशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजणारं छोटं यंत्र) घ्या आणि गाडीबरोबर आलेलं ओनर्स मॅन्युअल एकदा सलग वाचून काढा. घरच्या कामात खरे पैसे वाचतात ते बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्यामुळे. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढंच सांगून गॅरेजमध्ये सोडलीत तर बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी भरणारा) असं एकेक बदलत जाण्याची मुभाच तुम्ही देता. ‘सेल मारताना बॅटरी साडेआठ व्होल्टवर येते’ असं सांगितलंत की मिस्त्री तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलायला लागतो.

हा लेख पाच-सात वर्षं वापरलेल्या, मॅन्युअल गिअरच्या साध्या पेट्रोल हॅचबॅकसाठी आहे. वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो यांपैकी काहीही असो, पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी कुंपण घालून घेऊ. ब्रेक खोलणं, स्टीअरिंगचे जोड, पेट्रोलची लाइन, सीएनजीचं काहीही आणि एअरबॅगचे पिवळे कपलर (वायरींचे जोड) यांना हात लावायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबल जिवावर बेतू शकतात, तिकडे फिरकायचंही नाही. आणि गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्यावर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, ‘एकच मिनिट’ म्हणूनसुद्धा नाही.

हत्यारं थोडकीच लागतात: १०, १२ आणि १४ एमएमचे रिंग पाने, एक फिलिप्स आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, डोक्याला लावायची टॉर्च, जाड जंपर केबल, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, रबरी हातमोजे. १० एमएमचे दोन घ्या. सगळ्यात जास्त लागतो तोच आणि इंजिनच्या खाचांत पडून हरवतोही तोच.

सकाळी सेल मारला, गाडी उठेना

इथे घाई करायची नाही, कारण गाडी काय आवाज करते यावरून निम्मं निदान होतं.

चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे मंद लागतात, सेल मारला की आणखी मंद होतात आणि ‘टकटकटक’ असा आवाज येतो. हे बॅटरीचं किंवा तिच्या टर्मिनलचं (वायर जोडायच्या खुंटीचं) लक्षण. दिवे ठणठणीत आहेत, पण एकच ‘टक’ होऊन पुढे काही नाही, तर सेल्फ मोटर, तिचा सोलेनॉइड (मोटरवरचा विजेचा स्विच) किंवा बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी जाड अर्थिंग वायर तपासायला हवी. इंजिन नेहमीच्या जोमात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिथे पेट्रोल किंवा स्पार्कचा प्रश्न असतो. अशा वेळी चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची घूं ऐकू आली पाहिजे. आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. कपाटातली दुसरी चावी लावून बघा.

आता मल्टिमीटर. डीसी २० व्होल्टच्या आकड्यावर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी असताना घेतलेलं रीडिंग खरं. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी तासाभरासाठी खोटा उत्साह दाखवते.

१२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी. पण एवढ्यावर थांबू नका. मीटर लावलेलाच ठेवून घरातल्या कुणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा क्षणभर खाली येतो. तो साडेनऊच्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी सेल मारल्यावर आठवर आपटत असेल तर ती आतून संपली आहे, चार्ज करून फार दिवस काढता येणार नाहीत.

गाडी सुरू झाल्यावर तिसरं रीडिंग घ्या. १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, हेडलाइट आणि एसी लावल्यावरसुद्धा तेराच्या वर. त्याखाली राहिलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघायला हवा. पंधराच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो नवी बॅटरीही उकळून खाईल. सौम्य (माइल्ड) हायब्रिडवाल्या नव्या गाड्यांत मात्र कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका.

बॅटरी ठीक, अल्टरनेटर ठीक, तरी गाडी कण्हत उठते? मग एक तपासणी अशी आहे जी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये घाईत राहून जाते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा, आणि सेल मारायला सांगा. या दोन जागांमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. कोकणात खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. काम काय, तर बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि परत आवळायचा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साठला असेल तर आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. लावताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम पाठच करा. पाना प्लसवर असताना दुसरं टोक बॉडीला टेकलं तर ठिणगी उडते, पण मायनस आधीच सुटलेली असेल तर काही होत नाही. थर घालवायला कोमट पाण्यात खायचा सोडा पुरतो. तो फेसाळला की ब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि टर्मिनल आवळल्यावर वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा.

झाकणवाल्या बॅटरीत पाणी घालायचं तर डिस्टिल्डच. ‘आरओचं चालेल का’ हा प्रश्न सोसायटीत हमखास निघतो. चालणार नाही, आणि एसीतून गळणारं तर नाहीच. विदर्भ-मराठवाड्याकडच्या वाचकांनी मार्च ते जून ही पातळी दर महिन्याला बघावी. बॅटरीला उन्हाळा मारतो, हिवाळा फक्त ते उघडकीला आणतो.

जंप स्टार्ट

म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करणं. दोन्ही गाड्या जवळ उभ्या करा पण एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर.

१. लाल केबल आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. त्याच लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळीचं उरलेलं टोक आपल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा जोड लावताना ठिणगी उडते, म्हणून लांब.
५. चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा.
६. सुरू झाली की केबल बरोब्बर उलट क्रमाने काढा.

धक्का मारून सुरू करण्याची जुनी पद्धत मॅन्युअल गिअरच्या गाडीत अजून चालते. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, गाडीने वेग घेतला की क्लच पटकन सोडायचा. ऑटोमॅटिक किंवा एएमटीत (क्लच-गिअर आपोआप चालणाऱ्या गाडीत) हे करू नका.

बॅटरी नवी, तरी दोन दिवसांत उतरते

म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी वीज पीत बसलंय. संशयित ठरलेले आहेत: बाहेरून बसवलेला स्टीरिओ, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, आणि डिकीतला न विझणारा दिवा.

मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. बॅटरीची मायनस वायर काढून मीटर त्या वायरच्या आणि खुंटीच्या मधे जोडा. दरवाजे बंद, चावी खिशात, बोनेट उघडं. मग वीस मिनिटं ते अर्धा तास नुसतं थांबा, कारण आतले छोटे कॉम्प्युटर झोपी जायला तेवढा वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी दिसलं तर ठीक. जास्त असेल तर फ्यूज एकेक करून काढा आणि परत लावा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, त्या लाइनवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल मारू नका आणि हेडलाइट लावू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल.

फ्यूज उडालेला सापडला तर त्याच अँपिअरचाच नवा घाला. रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. तिथे मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पंधरा दिवसांतून एकदा बोनेट

इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. ऑइल मोजायची काडी काढून पुसा, परत घाला, मग वाचा. ऑइल दोन खुणांच्या मधे असावं. काळं झालं म्हणून घाबरू नका, पण दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. कोणतं ऑइल घालायचं हे मॅन्युअल सांगतं. तिथे ५डब्ल्यू-३० (ऑइलच्या जाडपणाचा ग्रेड) लिहिलं असेल तर ‘आपल्या हवेला जाड बरं’ या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. ऑइल स्वतः बदलावं का? माझं मत नाही. बहुतेक हॅचबॅकमध्ये तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं. मजुरी वाचते थोडी आणि सोसायटीच्या फरशीवर डाग, जुन्या ऑइलची विल्हेवाट आणि वॉरंटीसाठी बिल नसणं हे सगळं गळ्यात पडतं.

कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी गार इंजिनवर, पांढऱ्या टाकीच्या दोन रेघांमध्ये. गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफ थेट तोंडावर येते. घाटात तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर फुल्ल, गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद आणि निदान अर्धा तास चहा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी गॅरेजमध्ये बदलून घ्या. घरी फक्त पातळी बघा. ती उतरत असेल तर पॅड झिजलेत किंवा गळती आहे. दोन्ही कामं गॅरेजची.

टायरमधली हवा थंड टायरवर, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. स्टेपनीही धरून. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला. खोबणीतल्या छोट्या उंचवट्याला नक्षी समपातळीत आली की समजायचं. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी विकत घेताना हे जरूर बघा, विकणारे सहसा दाखवत नाहीत.

एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर मात्र स्वतःच बदला. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, एकही पाना न लावता निघतो. त्यावर बाण असतो, तो हवेच्या दिशेने. एसीची हवा कमी येते म्हणून गॅस भरायला जाण्याआधी हा काढून बघा.

पावसाळा

पायाखालची चटई ओली लागली की लगेच पाणी हुंगून बघा. स्वच्छ, बिनवासाचं, आणि एसी लावल्यावरच येत असेल तर एसीची निचरा नळी तुंबली आहे. खात्री कशी करायची? एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचा थेंब पडत नसेल तर हेच कारण. इंजिनच्या मागच्या भिंतीतून खाली आलेली ही रबरी नळी हलकेच मऊ वायरने मोकळी करता येते. पाऊस पडल्यावरच ओल येत असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकलीत. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी जूनआधी तिथली बारीक पानं हाताने काढावीत. आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं, काचेवर तेलकट धुकं आणणारं असेल तर हीटरचा आतला कूलंट गळतोय. ते काम डॅशबोर्ड उघडण्याचं, घरचं नाही.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साधी विमा पॉलिसी असं इंजिनचं नुकसान बहुधा भरून देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. मुंबई-ठाण्यात राहत असाल तर ती घ्याच.

पावसात उंदीर उबेला बोनेटखाली येतात. पार्किंगच्या जागी खरकटं नसणं, काही दिवसांनी गाडी हलवत राहणं आणि एअर इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या नळीच्या) तोंडाला जाळी, एवढं नेमाने केलं तर पुष्कळ फरक पडतो. तंबाखूची पानं बांधण्याचा उपाय लोक छातीठोक सांगतात. माझा विश्वास जाळीवर जास्त आहे. आणि दसऱ्याला बंपरवर बांधलेला झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी काढून टाका, पाकळ्या थेट एसीच्या कंडेन्सरमध्ये जाऊन चिकटतात.

रात्रभर पावसात उभी गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते. डिस्कवर चढलेला हलका गंज असतो तो, आपोआप जातो. ब्रेक मारताना तोच आवाज दिवसभर येत राहिला किंवा बारीक किंचाळल्यासारखा येऊ लागला तर पॅड संपत आलेत. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना ‘कट-कट’ झालं तर ड्राइव्ह शाफ्टच्या जोडाकडे बोट दाखवा.

इंजिनचा पिवळा दिवा

स्थिर लागला असेल तर गाडी हळू चालवत नेता येते. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही), न जळलेल्या पेट्रोलने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून खराब होतो, म्हणून बाजूला घेऊन थांबा. ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की मोबाइलवर कोड दिसतो. पी०३०० हा मिसफायरचा, पी०१७१ हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचा, पी०४२० कन्व्हर्टरचा. कोड दिशा दाखवतो, पार्ट नव्हे. पी०१७१ आला म्हणून सेन्सर मागवण्याआधी एअर फिल्टरच्या पुढची नळी सैल आहे का ते बघा. आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, मिस्त्रीला तोच लागतो.

बदल: आधी आरसी बुक, मग पाना

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी आणि कंपनीची मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल करायचा नाही. मोडल्यास कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद. सीएनजी किट मान्यताप्राप्त केंद्रातूनच, आरसी आणि विम्यावर नोंद करून, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी. लोखंडी बुल बारवर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची मनाई आहे, शिवाय तो एअरबॅगचं धडक ओळखण्याचं गणित बिघडवतो. काचेच्या काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिला, आणि पोलीस तो विसरलेले नाहीत.

हेडलाइटच्या ६०/५५ वॉटच्या होल्डरमध्ये १०० वॉटचा बल्ब घातला की काही महिन्यांत होल्डर वितळतो. पिवळा पडलेला हेडलाइट पॉलिश करून घेतला तर त्याहून जास्त उजेड मिळतो. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा. असेल तर एअरबॅग फुगताना त्या बाजूची स्वतःची शिवण उसवू देणारं खास कव्हरच घ्या.

नवख्याने पहिला बदल करावा तो हॉर्नचा. कंपनीचा पिपाणीवजा हॉर्न काढून १२ व्होल्टची विंडटोन (शंखाच्या आकाराच्या हॉर्नची) जोडी बसवायची. जोडी मिळून मूळ हॉर्नच्या जवळपास दुप्पट करंट ओढते, म्हणून मधे रिले लागतोच. तयार वायरिंग किट मिळतं, पण जोडणी समजून घ्या:

१. बॅटरीची मायनस वायर काढा.
२. हॉर्नच्या जुन्या वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरला. मूळ हॉर्नला एकच वायर असेल तर दुसरा पाय बॉडीला.
३. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला.
४. ८७ नंबरवरून दोन्ही हॉर्नच्या प्लसला.
५. हॉर्नचे मायनस रंग खरवडलेल्या बोल्टवर.
६. हॉर्नचं तोंड खाली, नाहीतर पहिल्याच पावसात त्यात पाणी साचतं.
७. वायरी रेडिएटरच्या फॅनपासून लांब टायने बांधा आणि मायनस परत जोडा.

कंपनीचा कपलर कापू नका. त्यात बसणाऱ्या पिना लावा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी दहा मिनिटांत मूळ हॉर्न परत बसवता येतो. मग गेटबाहेर जाऊन पाच-सहा वेळा वाजवा आणि लगेच बोनेट उघडून फ्यूजजवळची वायर व रिले बोटाने चाचपा. गार असतील तर काम झालं. कोमट लागली तर एखादा जोड सैल आहे, तो आवळल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. आणि सुरावटीचे, बहुसुरी हॉर्न घेऊ नका, ते बेकायदा आहेत. शेजाऱ्यांचंही त्याबद्दल मत असतं.